मापापुरता माणूस

माझ्याकडे सरांचा एकच फोटो आहे, आणि सरांच्याच नियमांनी पाहिलं तर तो पुरता चुकलेला आहे. ऊन डोक्यावरचं आहे. कपाळ पांढरंफटक पडलं आहे आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा आहेत. मागच्या कुंपणाची कड बरोबर मधोमध गेल्यामुळे फोटोचे दोन तुकडे झाल्यासारखे वाटतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असा फोटो काढून त्यांच्यासमोर ठेवला असता तर त्यांनी तो चुलीत घातला असता. हा मात्र त्यांनी स्वतः मागून काढून घेतला. का, ते सांगायचं तर मला एक चूक सांगावी लागते. ती अर्धी माझी आहे, अर्धी त्यांची.

मी मोहाडीच्या शाळेत लागलो तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. एकोडीच्या बाजूला आमचं लहानसं गाव, बाबांची धानाची शेती. बाबा सही करायला शिकले तेच मुळी माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर करण्यासाठी. मोहाडीत मला खोली हवी होती. हेडमास्तर म्हणाले, "चित्रकलेच्या सरांची मागची खोली रिकामी आहे. पण विचार करून जा."

मी गेलो तेव्हा सर अंगणात पालथे झोपून तुळशीच्या वृंदावनाकडे एका पुठ्ठ्यातून पाहत होते. साध्या वहीचा पुठ्ठा, मधे चौकोनी भोक पाडलेलं. माझं गाव, जात, पगार यांतलं त्यांनी काही विचारलं नाही. झोपल्या झोपल्याच म्हणाले, "तुले चालता येते का?"

"येतं की सर."

"तसं नाही. कोस-दोन कोस चालून गेल्यावर, काही न करता वापस येता येते का?"

मी हो म्हटलं. मला खोली हवी होती.

घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत ते राहत, मागची मला दिली आणि मधल्या बोळाला गोणपाट लावून त्यांनी फोटो धुवायची अंधारखोली केली होती. तुपाच्या डब्याला भिंग बसवून फोटो मोठा करायचं यंत्र त्यांनी घरीच बनवलं होतं. कॅमेरा जवाहरनगरच्या कारखान्यातल्या एका बंगाली साहेबाचा. बदली होऊन जाताना साहेबाने तो सरांना देऊन टाकला होता. उन्हाळ्यात रोल खराब होऊ नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ते माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवत. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी ते माठ सरकवून डबा जागेवर आहे का पाहत. त्यामुळे पाहुणे फार येत नसत. सरांचं लग्न झालं होतं की नव्हतं, हेही गावात कोणाला नक्की माहीत नव्हतं.

गावात त्यांना फोटोमास्तर म्हणत. पण ते माणसांचे फोटो काढत नसत. लग्नाला बोलावलं तर जात नसत. शाळेच्या ग्रुप फोटोच्या दिवशी रजा टाकत. काढायचे ते फक्त तळी, गावाकाठच्या लहान बोड्या, धानाच्या बांध घातलेल्या बांधी, मोहाची झाडं, वैनगंगेची रेती. रोलमध्ये बारा फोटो यायचे. ते बारा त्यांना तीन-तीन महिने पुरत. दर रविवारी सायकलवरून निघायचं, हँडलला छत्री, दांडीला डबा. कुठेतरी सायकल टेकवायची आणि पायी चालायचं. दुपारपर्यंत चालून एकही फोटो न काढता परत यायचं. मी कंटाळून म्हटलं, "सर, एवढं सुंदर तळं होतं, एक काढायचा होता."

"पहिले पाय थकू दे," ते म्हणाले. "पाय थकल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. तू आता तळं पाहूनच नाही राहिला. तू फोटो पाहून राहिला."

पहिले सहा महिने त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. तसाच एक पुठ्ठा कापून माझ्या हातात दिला. "याच्यातून पाह्य. जे आवडलं नाही ते बाहेर ठेव. बाहेर काय ठेवायचं हे समजलं का मंग आत काय घ्यायचं ते आपोआप समजते." पाण्याची कड मधोमध घेतली की त्यांची बोटं माझ्या मनगटावर यायची आणि पुठ्ठा वर किंवा खाली सरकवायची. सूर्य पाठीशी घेऊन उभा राहिलो की म्हणायचे, "सगळंच दिसून राहिलं, म्हंजे काहीच दिसून नाही राहिलं." उजेड बाजूने यायला पाहिजे, म्हणजे बांधीच्या धुऱ्याला, बांधाला, सावली मिळते आणि जमीन उठून येते. हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि मग वर्गात बसल्या बसल्याही खिडकीतून ऊन कुठून येतंय ते पाहायला लागलो.

एकदा मोहाडीपासून आठ-दहा मैलांवरच्या एका गावात आम्ही दोघं बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून पुठ्ठ्यातून पाहत होतो. एक म्हातारी काठी टेकत आली.

"काहून बाप्पा, कोनाची जमीन मोजून राहिले?"

"कोणाचीच नाही, आजी. पाहून राहिलो फक्त."

"त्या आंधीच्यायनंबी असंच म्हनलं होतं," म्हातारी म्हणाली. "मंग कालवा काढला आमच्या बांधीतून."

अर्ध्या तासात पंधरा-वीस माणसं जमली. कालवा कुठून जातो, कोणाची किती जाते, हे सांगा म्हणू लागली. सर शांतपणे पुठ्ठा एकेकाच्या हातात देत गेले. प्रत्येकाने आपली स्वतःची बांधी त्या भोकातून पाहिली. म्हातारीने सगळ्यात जास्त वेळ पाहिली आणि म्हणाली, "एवढीशीच हाय वो माही." परत येताना सर सायकल हातात धरून चालत राहिले, बसले नाहीत.

माणसांचे फोटो का काढत नाहीत, हे मी त्यांना एकदाच विचारलं. आम्ही नदीच्या रेतीत बसलो होतो. ते म्हणाले, "तरुणपणी काढत होतो. पण खेड्यातले लोक फोटोवाल्याले कधी बोलावतेत, माहीत हाय? माणूस मेल्यावर. जिता असताना कोणाले आठवत नाही. मंग मेलेल्याले आंघोळ घालतेत, खुर्चीवर बसवतेत, मागून एक जण मुंडकं धरते, अन् म्हणतेत, काढा. डोळे उघडे दिसले पायजेत म्हणतेत. तसे मी अकरा काढले. बाराव्याले रोल तसाच वापस आणला." थोड्या वेळाने म्हणाले, "तळं मरत नाही. आटते, पुन्हा भरते."

तरी माणूस त्यांना फोटोत हवा असायचा, फक्त लहान. "झाडाजवळ माणूस उभा केला का झाड किती मोठं ते समजते," ते सांगायचे. "माणूस मापापुरता. त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नको. तोंड दिसलं का पाहणारा झाड सोडून तोंडच पाहते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही अजून आहे.

एका दिवाळीच्या सुट्टीत सर माझ्यासोबत आमच्या गावी आले. गावाच्या बोडीच्या पाळीवर एक जुनं मोहाचं झाड होतं. सकाळी पाण्यावर धुकं होतं, उजेड बाजूने येत होता. सरांनी पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. मी पुठ्ठ्यातून पाहिलं. सगळं जागेवर होतं, फक्त माप नव्हतं. बाबा बांधीवरून येत होते. मी त्यांना हाक मारली आणि झाडाखाली उभं राहायला सांगितलं.

"इकडं पाहू का तिकडं?" बाबांनी तिथून ओरडून विचारलं.

"तिकडे, पाण्याकडे. आमच्याकडे पाहायचं नाही."

तहसीलच्या साहेबासमोर उभे राहतात तसे बाबा हात खाली सोडून ताठ उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. मी फोटो काढला. सर जवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. तो फोटो पुढे शिक्षकांच्या एका प्रदर्शनात लागला. पाहणारे झाडाजवळ थांबत. मी गावी नेऊन बाबांना दाखवला तेव्हा बाबांनी तो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"मी कोठी हाव याच्यात?"

मी काडीपेटीतली एक काडी घेऊन तिच्या टोकाने दाखवलं. काडीचं टोक बाबांपेक्षा मोठं होतं. काडी बाजूला केली तेव्हा बाबा म्हणाले, "हाव, हाव, दिसलो." त्यांना खरंच दिसलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सर पुन्हा आले होते. आम्ही जंगलाच्या कडेने दोन दिवस भटकून दुपारी घरी आलो. बाबा कोणाच्या तरी लग्नाहून परतले होते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. आम्ही जेवून हात धुतले तेव्हा अंगणात खुर्ची मांडलेली दिसली. आमच्याकडे खुर्ची नव्हती. बाबांनी ती शेजारून आणली होती. ते तिच्याजवळ उभे होते, बसले नव्हते.

"गुरुजी," ते सरांना म्हणाले, माझ्याकडे पाहिलं नाही, "एक सामोरून काढता का? असा बसून?"

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते. मी सरांकडे पाहिलं. सरांनी आभाळाकडे पाहिलं आणि डोक्यावर हात धरून सावली कुठे पडते ते पाहिलं.

"आज नाही, दादा. उन वाकडं हाय. डोक्यावरच्या उनात डोळे काळे येतेत, माणूस भुतासारखा दिसते. दिवाळीले येऊ आम्ही. सकाळचं पिवळं उन राहते, तवा मस्त काढू."

"हो बाबा," मी म्हणालो. "दिवाळीला छान येईल."

"दिवारीले तं दिवारीले," बाबा म्हणाले. "तवा धान बी भरते. तोंडावर जरा तेज राहीन." आणि त्यांनी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि शेजारी परत नेऊन दिली. आतून माय म्हणाली, "बसून तं घ्याचं होतं थोडं." ते एकदाही बसले नाहीत.

शिल्लक राहिलेले दोन्ही फोटो आम्ही साकोलीच्या वाटेवर संध्याकाळी एका वाळलेल्या पळसाचे काढले. उजेड फार सुंदर होता.

बाबा श्रावणात गेले, धानाच्या लावणीत, ऐन रोवण्यात, तीन दिवसांच्या तापाने. निरोप एका एस.टी. कंडक्टरच्या हाती आला. नाल्याला पूर होता, गाडी अलीकडेच थांबली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपून एक दिवस झाला होता. अंगणात बाबांच्या पायताणांत पाणी साचलं होतं.

तेरवीला समोर ठेवायला फोटो हवा, असं काकांनी म्हटलं. मायने माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मी एकटा, कॅमेरा हातात असलेला मी एकटा. मी पेटी उघडून सगळे फोटो काढले. बोडीचे सात, मोहाचे चार, नदीचे, रोवण्याचे, पळसाचे. काका एकेक पाहून खाली ठेवत गेले.

"बोडीचे एवढे फोटो, अन् बाप एकातही नाई?"

"आहेत. यात आहेत," मी म्हणालो आणि झाडाखाली बोट ठेवलं.

काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. "हा? हा तं बगळा दिसते लेका."

कोणी हसलं नाही. काकांनाही हसायचं नव्हतं. त्यांना खरंच बगळा दिसला होता. मायने फोटो हातात घेतला, पदराने पुसला आणि ठेवून दिला.

निगेटिव्ह सरांकडे होती. मी त्यांना लिहून कळवलं, "चेहरा निघतो का पाहा. बाजूने थोडा तरी निघेल." सरांनी शाळेत रजा टाकली. त्यांनी काय केलं ते मी पुढे मोहाडीला परतल्यावर पाहिलं. बोळात दोरीवर आठ कागद वाळत टांगलेले तसेच होते. पहिल्यात झाड आणि माणूस. दुसऱ्यात नुसता माणूस, बोटाएवढा. तिसऱ्यात पाठ, टोपी आणि टोपीखाली कानासारखं काहीतरी. पुढे पुढे टोपी आणि आभाळ एक होत गेलं होतं. आठव्या कागदावर फक्त करडे दाणे होते, सूपभर कोंडा वाऱ्यावर उधळावा तसे. त्याच्याही कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीने तारीख आणि माझ्या बाबांचं नाव लिहून ठेवलं होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी सर चिखल तुडवत आमच्या गावी आले. काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक मोठी काचेची फ्रेम होती. मायला वाटलं चेहरा आणला. ती धावत ओसरीवर आली. सरांनी प्लास्टिक सोडलं. पूर्ण फोटो होता. बोडी, धुकं, मोह, सगळं. कागद जेवढा मोठा मिळाला तेवढा मोठा केलेला.

"चेहरा नाही निघाला, बाई," ते म्हणाले. "पाठमोऱ्या माणसाचा चेहरा काढायले मले येत नाही."

मायने ती फ्रेम ओसरीवरच्या खुंटीला टांगली आणि दुसऱ्या दिवशी तिलाच हार घातला. आलेली माणसं हात जोडून झाडाला नमस्कार करत होती.

सर पंगतीला बसले नाहीत. अंगणात, जिथे उन्हाळ्यात खुर्ची ठेवली होती त्या जागेजवळ उभे होते. मी पाणी घेऊन गेलो. पाऊस उघडला होता आणि बरोबर डोक्यावर ऊन आलं होतं. त्यांनी वर पाहिलं, मग तळहात डोक्यावर धरून खाली पडलेली सावली पाहिली.

"त्या दिवशीचं उन चाललं असतं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "सर, मीही थांबलोच की."

"तू माह्या सांगण्यावरून थांबला. मी उनाच्या सांगण्यावरून." पाणी न पिताच त्यांनी तांब्या माझ्या हातात परत दिला.

त्यानंतर मी कॅमेरा हातात घेतला नाही. सरांनी उलटंच केलं. लोखंडी घडीची एक खुर्ची मिळवली, सायकलच्या मागे बांधली आणि गावोगाव फिरायला लागले. रविवारी तर जातच, उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज जात. आणि निघत ते अशा बेताने की अकरा ते दोनच्या मधे गावात पोचतील. याच वेळात कॅमेरा उघडायचा नाही असं त्यांनी मला शिकवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारे माणसं याच टाइमाले घरी भेटतेत. सकाळी कोणी बांधीवर जाते, कोणी ढोरं घेऊन जाते. सकाळचं उन गरिबाच्या तोंडावर कधी येते, सांग?"

अंगणात खुर्ची उघडायची, म्हाताऱ्याला बसवायचं, समोरून एक फोटो काढायचा. आठ दिवसांनी स्वतः नेऊन द्यायचा. तळी सुटली, मोह सुटला. एका दुपारी एक रोल संपायला लागला. फोटो सगळे वाईट. कपाळं पांढरी, डोळ्यांच्या जागी खाचा, मागे गोठा नाहीतर वाळत घातलेलं लुगडं. बोळातल्या दोरीवर ते ओळीने टांगलेले असत आणि मी खोलीत जाताना त्यांच्याखालून वाकून जात असे.

दोनेक वर्षं हे चाललं. म्हातारी माणसं ती, त्यांतली काही गेली. घरोघरी सरांनी काढलेलाच फोटो भिंतीवर, हार घातलेला. आणि मग हळूहळू कुठूनतरी गोष्ट निघाली की फोटोमास्तर ज्याला खुर्चीवर बसवतो तो वर्ष काढत नाही.

एकदा मी सोबत होतो. एका घरासमोर सरांनी सायकल उभी केली तशी दारात बसलेली सून उठून उभी राहिली.

"आमच्या घरी कोनी म्हातारं नाई, गुरुजी."

आतून खोकल्याचा आवाज आला.

"मग हे कोण?" मी विचारलं.

"ते?" ती म्हणाली. "ते म्हातारे नाईत. ते बिमार हायेत."

आतून म्हातारा ओरडला, "कोन हाय वो? खुर्चीवाला आला का? त्याले म्हना पुढच्या गावाले जाय, तेथं लय हायेत!" आणि हसता हसता त्याला पुन्हा खोकला आला. सूनही पदर तोंडाला लावून हसली. सरही हसले. मग दार लागलं. पुढच्या तीन घरांची दारं आम्ही पोचायच्या आधीच लागली होती. सरांनी खुर्ची पुन्हा नीट बांधली, दोरीची गाठ दोनदा पाहिली.

"बरोबर हाय त्यायचं," ते म्हणाले. "पहिले मी मेल्यावर जात होतो. आता आंधी जातो. फरक एवढाच."

त्या वर्षी त्यांचं घराबाहेर पडणं कमी झालं. शाळेतून आले की खुर्ची अंगणात उघडून तिच्याकडे पाहत बसत, जमिनीवर. मी गावी गेलो तेव्हा मायला हे सांगितलं. माय तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "त्यायले म्हना माहा काढा."

"माय, लोक काय म्हणतात ते ऐकलंस ना?"

"आयकलं. मरन का खुर्ची पाहून येते? तुहा बा तं उभाच होता."

सर आले. माय भर दुपारी अंगणात बसली, सगळा मोहल्ला कुंपणापलीकडून पाहत होता. सरांनी तीनदा कॅमेरा डोळ्यांपासून खाली घेतला.

"काहून, गुरुजी, उन वाकडं हाय का?" मायने विचारलं.

"नाही, बाई," सर म्हणाले. "सरळ हाय." आणि बटण दाबलं.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. आमच्या गावात तरी ती गोष्ट त्या दिवशी मोडली. उन्हं कलेपर्यंत सहा-सात म्हातारे बसून गेले. काकाही बसले. दुसऱ्या गावांत मात्र दारं लागतच राहिली.

माझी पुढे साकोली तालुक्यात बदली झाली. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं असताना कळलं की सर निवृत्त झाले आणि त्यांचं छातीचं दुखणं वाढलं आहे. मी मोहाडीला गेलो. ते खाटेवर होते. माठाखालचा डबा अजून तिथेच होता. मला पाहून म्हणाले, "त्याच्यात एक रोल हाय. जुना झाला, पण चालीन. कॅमेरा भर."

मी म्हणालो, "सर, मी सोडून दिलं. हात राहिला नाही."

"हात कोण मागून राहिलं? खुर्ची बाहेर घे."

मी खुर्ची अंगणात मांडली आणि त्यांना धरून आणलं. अंगावरचं पांघरूण काढून त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. बारा वाजून गेले होते. माझं डोकं आपोआप वर गेलं आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "सर, उजेड..."

"चालते," ते म्हणाले.

ते माझ्याकडेच पाहत होते. फोटोत डोळे आले नाहीत, पण ते माझ्याकडे पाहत होते हे मला माहीत आहे. मी एकच काढला. रोलमधले उरलेले अकरा कोरेच राहिले. पुढच्या महिन्यात सर गेले.

आता तिन्ही फ्रेम माझ्या घरात एका भिंतीवर आहेत: बोडीची, मायची आणि सरांची. सर्वपित्री अमावास्येला सकाळी काचा पुसून गंध लावायची पद्धत मायची, ती मी चालू ठेवली आहे. ओल्या फडक्याने मागच्या वर्षीचं वाळलेलं गंध निघतं, आणि मोहाखाली, धुक्यात, पाठमोरे उभे असलेले बाबा थोडा वेळ दिसतात. त्या वेळी मी घाई करत नाही. मग बोट बुडवतो. मायच्या कपाळावर गंध बरोबर बसतं, सरांच्याही बसतं. बाबांच्या वेळी मी बोट अगदी हलकं टेकवतो. एका वर्षी काडीच्या टोकानेही लावून पाहिलं. तरी तो ठिपका बाबांपेक्षा मोठाच पडतो, आणि बाबा त्याच्याखाली झाकले जातात.